दिवसा पुढं पळणारी घड्याळं

अन्याय झाला तो रीळखात्यातल्या एका बाईवर. दिवाळीनंतरच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी सहा वाजून चोपन्न मिनिटांनी. कारखान्याच्या घड्याळात त्या क्षणी सात वाजून चार मिनिटं झालेली होती. मुकादमानं फाटकाच्या गजांआडून हात हलवला आणि म्हणाला, "तिसरा लेट. नाव कापलं. घरी जा."

ही दोन घड्याळं आणि त्यांच्यामधली दहा मिनिटं, एवढीच ही गोष्ट. ती दहा मिनिटं कुणी घेतली, आम्हाला ती कशी दिसली नाहीत आणि आम्ही ती परत कशी आणली, ते सांगते. नावं कुणाचीच घालत नाही. चांगल्या माणसांची घातली तर ती संकोचतील. बाकीच्यांना संकोच हा प्रकारच ठाऊक नाही, मग त्यांची घालून काय उपयोग?

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. कल्याणच्या वरच्या अंगाला नदी जिथं वळते तिथं हा शिवणाच्या दोऱ्याचा कारखाना होता. आमच्या भागात तेव्हा दर महिन्याला काहीतरी नवं उभं राहायचं. मोहन्याच्या बाजूला धुराडी चढत होती. जिथं रेतीच्या होड्या लागायच्या तिथं लाकडी खोक्यांच्या थप्प्या दिसू लागल्या. भातगिरणीशेजारी चहाचं दुकान आलं, चहाशेजारी सायकलवाला, सायकलवाल्याशेजारी न्हावी. कारखान्यात बाई लागली की सहा महिन्यांत घरात अंगाचा साबण यायचा आणि वर्षभरात गजराचं घड्याळ. ते घड्याळ देवांच्या फळीवर, देवांच्या शेजारी बसायचं आणि देवांपेक्षा जास्त वेळा पुसलं जायचं.

मी कारखान्याच्या विरुद्ध नाही. हे आधीच सांगते, कारण हातात पत्रकं घेतलेली मुलगी दिसली की लोक धरून चालतात, हिला सगळं बंद पाडायचंय. मला काहीएक बंद पाडायचं नव्हतं. माझं म्हणणं एका ओळीत मावतं: कारखाना हवा, खोटा भोंगा नको.

मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेज मुंबईला, घर कल्याणला रेल्वेच्या चाळीत. रविवारी कारखान्याजवळच्या गावात बायकांचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग घ्यायचे. ज्या बाईचं नाव कापलं ती त्या वर्गात पहिल्या ओळीत बसायची आणि सगळ्यांत कमी शिकायची. वय चाळिशीच्या पुढे. नवरा रेतीच्या होडीवर होता, तो कंबर मोडून घरी बसला तेव्हा ही रीळखात्यात लागली. पाच वर्षं झाली होती. हात इतका चलाख की यंत्रावरचा तुटलेला दोरा ती न बघता जोडायची. घरातलं चालतंबोलतं माणूस ती एकटी. ते फाटक तिच्यासाठी उघडणार की नाही, यावर एका घराची चूल होती. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही.

मंगळवारी ती आमच्या दारात आली. आत येईना. उंबऱ्याबाहेर बसली.

"पोरी, मी उशिरा आयले नाय."

"मावशी, फाटक बंद झालेलं ना?"

"जालेलं."

"मग उशीरच की."

"फाटक लवकर बंद जालं," ती म्हणाली.

मला हसू आलं. नंतर त्या हसण्याची मला फार लाज वाटली. मावशीचं घर गावापासून लांब, नदीच्या वळणापलीकडे, रेल्वेच्या पुलापाशी. कारखान्याचा भोंगा तिथं पोचत नसे. बाकीच्या बायका पहिल्या भोंग्यावर उठून दुसऱ्याला फाटकात हजर असायच्या. फाटक आधी दुसऱ्या भोंग्यानंतरही पाच मिनिटं उघडं असायचं, गेल्या शुक्रवारपासून मुकादम ते भोंग्याबरोबर लावू लागला होता. मावशीचा भोंगा वेगळा होता.

"गारी पुलावशी जेली का मी निंगतंय," तिनं समजावलं. नाशिककडून येणारी मेल म्हणजे तिची गाडी. "पाच वरसां तसंच निंगतंय. पयलं पाय धुवून पान लावायला येल मिलायचा. आता गारी तीच, वाट तीच, पाय तेच. न फाटक बंद!"

पत्रकबाज माणसाला पुरावा लागतो. मी बुधवारी पहाटे गावात निघाले, पण वाटेत चिखल होता आणि पोचेपर्यंत भोंगा होऊन गेलेला. म्हणून घरोघर घड्याळं पाहिली. शाळेच्या गुरुजींचं भिंतीवरचं, किराणावाल्याचं, आणखी दोन घरची. तिथून कारखान्याच्या फाटकात येऊन आतल्या घड्याळाकडे पाहिलं. सगळी एका मिनिटात! चार घरांची चार घड्याळं आणि कारखान्याचं पाचवं, पाचही जण एकच वेळ सांगत होते.

"आमचं घड्याळ एकदम पक्कं," गुरुजी म्हणाले होते. "रोज भोंग्याला लावतो. काय आहे, नदीकाठची दमट हवा. रात्री वीस मिनिटं मागं पडतं ते पहाटेच्या पहिल्या भोंग्याला पुढं ढकलायचं, दिवसा वीस मिनिटं पुढं पळतं ते संध्याकाळच्या भोंग्याला मागं आणायचं. सवय झालीय आता."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. अक्षरन् अक्षर. आणि मला काही कळलं नाही.

पाच घड्याळं एका बाजूला आणि न वाचता येणारी एक बाई दुसऱ्या बाजूला. मी कुणावर विश्वास ठेवला असेल? मोठी बायकांची कैवारी! मी घड्याळांवर ठेवला. मावशीला म्हटलं, आधी नोकरी परत मिळवू, मग भांडू. आणि सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला: माझ्याकडून तीन वेळा उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी, पुन्हा होणार नाही.

"मी उशिरा आयले नाय तं माफी कला मागू?"

"मावशी, लावा अंगठा. कागदच आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि उरलेली शाई पायरीच्या दगडावर घासत राहिली. बराच वेळ.

मुकादमानं अर्ज वाचला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. "झालं तर मग. बाई स्वतःच लिहून देते की उशिरा आले. आता साहेब तरी काय करणार?"

म्हणजे नोकरी नाही ती नाहीच, वर कबुली माझ्या हस्ताक्षरात.

पुढच्या आठवड्यात ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका सभागृहात व्याख्यान होतं. विषय: गेल्या शतकातल्या अमेरिकेचे उद्योग आणि व्यापार. वक्ते आमच्याच कारखान्याचे शेठ. माझ्या बी.ए.च्या अभ्यासात तो भाग होता आणि मला शेठना गाठायचंही होतं, म्हणून मी गेलेले.

माणूस बोलला झकास, हे कबूल करायला हवं. शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका त्यांनी समोर उभी केली. उत्तरेकडे नद्यांच्या धबधब्यांवर चालणाऱ्या कापडगिरण्या, दक्षिणेत कापूस, पश्चिमेच्या पठारांवर गहू. प्रत्येक प्रांताचं वेगळं पीक, वेगळा धंदा. मग कालवे खणले, वाफेच्या बोटी आल्या, रेल्वे आली, आणि एका टोकाचा गहू दुसऱ्या टोकाच्या बाजारात जाऊन पडला. जिथं चार झोपड्या होत्या तिथं शहरं झाली. "आपली उल्हास नदी तशीच आहे," ते म्हणाले. "कल्याण, अंबरनाथ, ठाणे, ही आपली गिरणीगावं. त्या देशाला कुणी मोठं केलं? गिरणीच्या घंटेनं! शेतकऱ्यांच्या अडाणी मुलींना घंटेनं वेळेची किंमत शिकवली."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दक्षिणेतला तो कापूस गुलामांनी वेचला होता, हे सांगायचं शेठ विसरले आणि मी विचारायचं विसरले.

बाहेर मी त्यांना गाठलं. "शेठ, रीळखात्यातल्या एका बाईंचं नाव कापलंय. पाच वर्षांची जुनी बाई आहे."

"अर्ज पाहिला मी. कबुली आहे त्यात." मोटारीचं दार धरून ते प्रेमळ हसले. "बेटा, आत काय ऐकलंस? देश घंटेवर मोठा होतो. रडण्यावर नाही."

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले ती त्यांना उत्तर शोधायला. जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, गिरण्यांचं प्रकरण उघडलं. शेठनी सांगितलेलं सगळं त्यात होतं: नद्या, कालवे, घंटा. न सांगितलेलंही होतं. त्या शेतकऱ्यांच्या मुलींनी घंटेबद्दल काय म्हटलं होतं ते होतं. गिरणीचं घड्याळ सकाळी एक चालतं आणि संध्याकाळी दुसरं, अशी त्यांची तक्रार होती. काम संपायच्या वेळी काटे हळू होतात. वेळ विचारायची तर मालकालाच, कारण गावात दुसरी घंटाच नाही. या मुली गिरणी सोडून रस्त्यावर उतरल्या होत्या, सभा घेतल्या होत्या, स्वतःची पत्रकं स्वतः लिहिली होती. अडाणी म्हणे!

त्याच प्रकरणाच्या शेवटी आणखी एक गोष्ट होती. आधी तिथं गावागणिक वेळ वेगळी होती. ज्याच्या त्याच्या डोक्यावर सूर्य आला की त्याचे बारा. मालाची आणि माणसांची ये-जा वाढली तसा गोंधळ झाला, आणि शेवटी रेल्वे कंपन्यांनी एके दिवशी ठरवून साऱ्या देशातली घड्याळं जुळवली. वेळ गावाच्या हातातून रुळांवर गेली.

रुळांवर. मी पुस्तक मिटलं आणि घरी पळाले.

आमचे बाबा कल्याण स्टेशनात तारखात्यात. सरकारी नोकर, सावध माणूस, माझ्या पत्रकांना हात लावताना चिमटीनं धरणारे. ते चहा पीत होते.

"बाबा, सकाळची मेल त्या पुलावरून किती वाजता जाते?"

"सहा चोवीस."

"पण ती रोज लेट असते ना? सगळं गाव म्हणतं, रोज दहा मिनिटं लेट."

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या आईबापांना कुणी शिवी दिली असती तरी त्यांचा चेहरा इतका बदलला नसता.

"कोण म्हणतं लेट? कोणत्या घड्याळानं लेट?"

"गावातल्या. सगळ्या घड्याळांनी."

"आणि ती कशावरून लावलेली?"

गुरुजींचा आवाज कानात वाजला: रोज भोंग्याला लावतो. वहीत होतं ते. माझ्याच अक्षरात. पाच साक्षीदार मोजून मी खूश झाले होते, आणि पाचही जण एकाचंच ऐकून बोलत होते. भोंगा खोटा होता का, हे मी भोंग्यालाच विचारून आलेले!

"अगं, वेळ काय कुणाच्या भिंतीवर असते?" बाबा म्हणाले. "वेळ रोज दुपारी चारला तारेवरून येते. सगळ्या लाइनीला एकदम. मी स्वतः घेतो ती."

दुसऱ्या दिवशी बाबांची दुपारची पाळी होती. अंधारात उठले, कोट घातला, साखळीचं घड्याळ खिशात टाकलं आणि मला न विचारता पुढे चालू लागले. आम्ही नदीकाठी उभे राहिलो. मेल पुलावरून गेली तेव्हा त्यांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं: सहा चोवीस. मग सातचा भोंगा झाला. पुन्हा घड्याळ धरलं. सातला दहा कमी होते.

"दहा," बाबा म्हणाले आणि घड्याळ खिशात टाकलं.

संध्याकाळी ते पाळीवर, म्हणून घड्याळ देऊन मला धाडलं. पाचचा भोंगा पाच वाजून दहा मिनिटांनी झाला. रात्री पाळीवरून येऊन बाबा जेवत होते तेव्हा सांगितलं. "चोर," ते म्हणाले, आणि भाताचा पुढचा घास घेतला. त्यांच्या तोंडून एवढा कडक शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आता सगळं उघडं होतं. सकाळी दहा मिनिटं लवकर, संध्याकाळी दहा मिनिटं उशिरा. यंत्रात अडकतं म्हणून आत घड्याळ न्यायला बायकांना बंदी. आणि गावातलं एकेक निष्पाप घड्याळ सकाळी पुढं ढकललं जातंय, संध्याकाळी मागं ओढलं जातंय, आणि गाव दोष देतंय हवेला, रेल्वेला, नशिबाला. दोन भोंग्यांमध्ये खरी वेळ सांगणारी एकच व्यक्ती उरली होती: जिच्या घरात घड्याळ नव्हतं ती.

मला लगेच भडक पत्रक काढायचं होतं. मथळाही ठरला होता. बाबांनी अडवलं. "तू आज ओरडलीस की उद्याचा भोंगा बरोबर सातला होईल. मग तू खोटी आणि ती बाईही खोटी." तारखात्यातला माणूस कमी शब्दांत बोलतो, पण बोलतो ते खरं.

म्हणून मी कल्याणच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले. त्यांच्या कपाटात त्या गावची घड्याळं ओळीनं टांगलेली.

"बेटी, माझी इज्जत गेलीय त्या गावात," भिंग डोळ्यावरून न काढता चाचा म्हणाले. "तेल बदललं, स्प्रिंग बदलली. इथं दुकानात आठ-आठ दिवस एक मिनिट हलत नाय. गावात नेलं की दिवसा पळतं, रात्री झोपतं. लोक म्हणतात चाचाचा हात गेला. आता तर बोलतात, चाचा मुद्दाम बिघडवतो!"

मी त्यांना भोंग्याची गोष्ट सांगितली. चाचांनी भिंग काढलं. कपाटातल्या घड्याळांकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे.

"या अल्ला," ते म्हणाले. "म्हणजे ही सगळी बेकसूर?"

पत्रक आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. त्यात कारखाना नव्हता, अन्याय नव्हता, एकही उद्गारचिन्ह नव्हतं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मवाळ आणि सर्वांत जहाल पत्रक. "आपलं घड्याळ दिवसा पुढं पळतं? रात्री मागं पडतं? रविवारी दुपारी घरोघर मोफत तपासणी. नंतर काट्यांना हात लावू नये. सोमवारी सकाळी पावणेसातला घड्याळ घेऊन कारखान्यासमोरच्या चिंचेखाली यावे."

मुकादमानंही एक घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. "काट्यांना हात लावू नये? मग काय पाय लावायचा?" फाटकावरचे दोघे खो-खो हसले. हसा, म्हटलं मनात, सोमवारपर्यंत हसा.

रविवारी भोंगा नसतो, म्हणून रविवार. चारच्या तारेवर बाबांनी साखळीचं घड्याळ लावलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या पिशवीत ठेवलं. चाचा, मी आणि वर्गातल्या बायका घरोघर फिरलो. चाचा प्रत्येक घड्याळ कानाला लावायचे, "तंदुरुस्त आहे" म्हणायचे, काटे जुळवायचे. गजर असेल तर तो सातवर. अंधार पडायच्या आत सारं गाव एका वेळेवर आलं, आणि ती वेळ पहिल्यांदाच कारखान्याची नव्हती.

शेवटी आम्ही मावशीकडे गेलो. तिच्या घरात जुळवायला काहीच नव्हतं. "उद्या गाडी गेली की निघा," मी म्हटलं. "नेहमीसारख्या. पळत येऊ नका."

"मी कवा पललेय गो?" ती म्हणाली.

सोमवारी चिंचेखाली जे दृश्य होतं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दोघा जणांनी गुरुजींचं भिंतीवरचं घड्याळ नवरदेवासारखं उचलून आणलेलं. किराणावाला आपलं घड्याळ तागाच्या पोत्यात गुंडाळून आला होता. बायकांच्या कडेवर, डोईवर, पदरात घड्याळं. एका म्हातारीनं घड्याळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावलेली. कुणाला नेमकं माहीत नव्हतं आपण कशाला जमलोय. सगळ्यांना एवढंच बघायचं होतं की आपलं घड्याळ पळतं की शेजारच्याचं.

आणि भोंगा झाला.

सगळे आपापल्या घड्याळात बघू लागले. मग शेजाऱ्याच्या. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"माझ्यात दहा कमी."

"माझ्यातपण!"

"अरे, सगळ्यांत दहा कमी?"

गुरुजी आपल्या घड्याळासमोर उभे राहून पुटपुटत होते, "सगळ्यांत सारखंच. म्हणजे रात्रीत मागं पडलं नाही. पडलंच नाही." मग त्यांनी मान वर केली आणि कारखान्याच्या धुराड्याकडे पाहिलं. शाळेत पोराची चोरी पकडल्यावर बघतात तसं.

मुकादम फाटक धरून ओरडला, "चला, चला! बंद करतोय! लेट लागेल!"

रीळखात्यातली एक बाई, तिशीची, नेहमी खाली मान घालणारी, कडेवरचं घड्याळ सावरत म्हणाली, "किती वाजले, मुकादम?"

"सात!"

"आमच्यात नाय वाजले."

कुणी हललं नाही. त्या दहा मिनिटांत कुणी घोषणा दिली नाही, मीसुद्धा. घोषणा न देता मी आयुष्यात इतका वेळ उभी राहिलेले नाही. फक्त टिकटिक ऐकू येत होती, इतक्या घड्याळांची एकत्र, शेतात पाऊस पडल्यासारखी. चार मिनिटांनी नदीच्या बाजूनं मावशी आली. नेहमीच्या चालीनं. गर्दी बघून थांबली, मग फाटकाशेजारच्या पाण्याच्या रांजणापाशी गेली, पाय धुतले, पान लावलं. सहा मिनिटं तिची होती, तिनं ती घेतली.

आणि सात वाजले. खरे सात. चिंचेखालचे सगळे गजर एकदम सुटले. झाडावरचे कावळे उडाले, पोरं नाचायला लागली, म्हातारीनं हात जोडले. तो आवाज पुलापर्यंत गेला म्हणतात. जाऊ दे. कारखान्याला भोंगा आहे तर गावालाही आहे, हे सगळ्या नदीला कळू दे!

शेठची मोटार त्याच आवाजात आली. त्यांनी गर्दी पाहिली, घड्याळं पाहिली. हुशार माणूस, काच खाली करायच्या आत सगळं समजला.

"आमचं घड्याळ जुनं आहे," ते उतरून म्हणाले. "बिघडलं असेल."

"शेठ," मी म्हटलं, "सकाळी पुढं आणि संध्याकाळी मागं? बिघडलेलं घड्याळ कधीतरी चुकून बायकांच्या बाजूनंही बिघडायला हवं होतं."

चाचा पुढे झाले. हातात अवजारांची डबी. "बिघडलं असेल तर मी बघतो ना. फुकट. सगळ्यांसमोर."

शेठना नाही म्हणता येईना. घड्याळ बाहेर आणलं, चाचांनी मागचं झाकण उघडलं, कान लावला. "तंदुरुस्त आहे," चाचा म्हणाले. "बिलकुल तंदुरुस्त. याला फक्त रोज दोन वेळा कुणीतरी हात लावतं."

मुकादमाची नजर जमिनीवर गेली. शेठ हळूच मला म्हणाले, "बेटा, हे पत्रक तुझं?"

"हो. तुम्ही सांगितलेली अमेरिका मी पुरी वाचली. त्या मुलींना घंटेनं वेळेची किंमत शिकवली, हे खरंच आहे. म्हणून तर त्या भांडल्या."

शेठनी तिथंच कबूल केलं: नाव पुन्हा घालतो, घड्याळ फाटकाबाहेर रस्त्याच्या तोंडाशी लावतो, चाचांनी दर सोमवारी सगळ्यांसमोर किल्ली द्यावी आणि रेल्वेच्या वेळेवर काटे जुळवावेत. बायका फाटकातून आत जाऊ लागल्या. मुकादम बाजूला सरला आणि मावशीला म्हणाला, "जा आत. झालं ना आता?"

मावशी हलली नाही.

"माजा अंगठा दे," ती म्हणाली.

"काय?"

"कागूद. माजा अंगठा हाय त्यावर. मी उशिरा आयले असं लिवलंय. मी उशिरा आयले नाय."

मुकादमानं शेठकडे पाहिलं. शेठनी मान हलवली. कारकून कचेरीत धावला, चार घड्यांचा तो कागद घेऊन आला. मावशीनं तो घेतला, उलगडला, वाचता येत नव्हतं तरी सावकाश वरपासून खालपर्यंत पाहिला. मग माझ्या हातात दिला. शेठसमोर, मुकादमासमोर, साऱ्या गावासमोर.

"तुजं अक्षर हाय ना? फार." म्हणजे फाड.

मी फाडला. इतक्या लोकांत माझे कान कधी असे तापले नव्हते आणि कुठलाही कागद फाडताना मला इतका आनंद झाला नव्हता. मावशीनं पदर खोचला आणि फाटकातून आत गेली. तेव्हा सात वाजून अकरा मिनिटं झाली होती.

"आज खरीच लेट जाले गो," ती मागे न बघता म्हणाली. मुकादमानं काही लिहून घेतलं नाही.

त्या गावातलं एकही घड्याळ त्यानंतर दिवसा पळालं नाही. मेलही लेट होईनाशी झाली. कारखाना वाढला, दोन खाती नवी निघाली, आणि शेठ पूर्वीइतकेच श्रीमंत आहेत. खऱ्या वेळेवरही धंदा होतो, हे त्यांना आता कळलं असेल. बाबा माझी पत्रकं अजून चिमटीनंच धरतात, पण आता वाचतात.

आता तुमच्याशी बोलते. तुमच्या कारखान्यातलं, कचेरीतलं, शाळेतलं घड्याळ कशावरून लावलंय, ते तुम्हाला माहीत आहे? नाही ना? मलाही नव्हतं, आणि त्या अज्ञानापायी मी एका खऱ्या बाईला खोटं लिहायला लावलं. उद्या सकाळी कामावर जाल तेव्हा त्या घड्याळाखाली उभे राहा आणि विचारा: याच्या काट्यांना हात कोण लावतं? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि न केलेल्या चुकीच्या माफीवर तुम्ही कुठं सही केली असेल, अंगठा दिला असेल, तर तो कागद परत मागा. उद्या नको. आज मागा.